चार चाकांचा बिरेक

या, असे जरा पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही यावं, म्हणजे मला घसा ताणावा लागणार नाही. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. आज एका मोटारीची गोष्ट सांगतो. मोटारीची असली म्हणून काय झालं, तिच्यात देव आहे, बुवा आहेत, काला आहे, आणि घाबरलेली माणसं तर मापून घ्यावीत इतकी आहेत. ऐकून उठाल तेव्हा जिवाला जरा हलकं वाटेल, एवढा शब्द देतो.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. शिरड शहापूरच्या व्यंकटरावांकडे एक मोटार होती. हैदराबादच्या कुणा नवाबजाद्यानं शर्यतीसाठी विलायतेहून मागवलेली. पुढं दोन माणसांपुरती बैठक, मागं पेटीसारखं झाकण उघडून एकानं अंग चोरून बसायची जागा, आणि नाक एवढं लांब की वळणावर मोटार आधी जायची आणि व्यंकटराव मागाहून पोचायचे. नवाबजाद्याची हौस फिटली आणि ती चार हात फिरून शिरडला आली. पळायला अजून हरणासारखी होती. थांबायचं मात्र तिच्या मनात नसे. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि तोही झिजून नावापुरता उरलेला.

म्हणून सोनाजी होता. सोनाजी घरचा जुना गाडीवान. बैलगाडी सुटून मोटार आली, तशी त्याची बदली मागच्या पेटीत झाली. मांडीवर एक भला थोरला धोंडा घेऊन तो बसायचा. व्यंकटरावांनी वेग कमी केला की उडी मारायची, पळत पुढं जायचं आणि चाकाखाली धोंडा टाकायचा. गावालाही सवय झाली होती. भोंगा ऐकू आला की बाया घागरींसकट ओट्यावर चढत आणि म्हातारी माणसं आपापली काठी घेऊन भिंतीला चिकटत. सहा वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती.

पण एका चैत्री पुनवेला घात झाला. सप्त्याच्या काल्याचं कीर्तन संतरामबुवांचं. बुवांना हिंगोलीहून आणताना सोनाजीचा धोंडा निसटला, आणि मोटार मांडवात एका अंगानं शिरून दुसऱ्या अंगानं निघाली ती थेट म्हशींच्या डोहात जाऊन बसली. बुवा डोक्यावर वीणा धरून बाहेर आले. ओल्या धोतरानं कीर्तन केलं, आणि असं केलं की माणसं रडली. निरोपाच्या वेळी मात्र व्यंकटरावांना बाजूला घेऊन म्हणाले,

"व्यंकटराव, तुमच्यावर माहा लोभ हाये. पर मला घरी म्हातारी आई हाये. पुढल्या साली गाडीला बिरेक असंल तरच बसीन. अन् बसल्यावर जर का गाडी तशीच पळाली, तर शिरडला येऊन बी वीणा खांद्याला लावणार न्हाई. राग नका मानू."

वर्षभर हे वाक्य व्यंकटरावांच्या पोटात दगडासारखं पडून होतं. सप्ता त्यांच्या वडिलांनी घातलेला. काल्याच्या दिवशी बुवांचं कीर्तन होऊन हंडी फुटेपर्यंत गावात कुणी तोंडात घास घालत नसे, अगदी लेकरंसुद्धा. हंडी फुटायची ती सूर्य माथ्यावर यायच्या आत. बुवांचं आदल्या दिवशी हिंगोलीत कीर्तन ठरलेलं, तिथून शिरड बारा कोस. बैलगाडीनं कुठला पोचतो माणूस!

"ह्या साली बुवा आले न्हाईत, तर मामंजींच्या फोटोकडं बघायची मला हिंमत होणार न्हाई," कौशल्याबाई नवऱ्याला म्हणाल्या. "काय करायचं ते करा, पर गाडी थांबवा."

व्यंकटराव हिंगोलीच्या भीमसिंग मिस्त्रीकडे गेले. भीमसिंगनं मोटारीखाली पाठ टेकली, बराच वेळ आत राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "मालक, आप जिंदा कैसे हो?"

त्यानं परभणीच्या एका वकिलाची झाडाला धडकलेली मोटार मिळवली. तिच्या पुढच्या चाकांचे ब्रेक काढून ह्या मोटारीला बसवले, नव्या सळया ओढल्या, आणि मागच्या चाकांनाही नवे पट्टे ठोकले. आता चारी चाकं एकदम धरणार. पंधरा दिवस काम चाललं. शेवटच्या दिवशी भीमसिंगनं व्यंकटरावांना शेजारी बसवून मोटार भरधाव सोडली आणि मध्येच पाय दाबला. मोटार जागच्या जागी थांबली, व्यंकटरावांचा फेटा तेवढा पुढं जाऊन पडला. ब्रेक मात्र असा किंचाळला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"नया पट्टा है, चिल्लाएगा. चिल्लाने दो," भीमसिंग म्हणाला. "एकच बात ध्यान में रखना मालक. इसको तेल का एक बूंद नही."

"बराबर," व्यंकटराव म्हणाले, आणि ही गोष्ट नीट ध्यानात ठेवली. सांगितली मात्र कुणाला नाही.

गावात येऊन त्यांनी पारापुढं ब्रेकचा खेळ करून दाखवला. सप्त्याचे कारभारी मसाजी स्वतः रस्त्यात छाती काढून उभे राहिले. मोटार त्यांच्या पोटापासून वीतभर अलीकडं थांबली. मसाजींनी डोळे उघडले, पोट चाचपलं आणि जाहीर केलं, "आता भ्यायचं काम न्हाई! लेकरू मधी झोपलं तरी चालतंय!"

सगळे हसले. सोनाजी हसला नाही. व्यंकटरावांनी त्याला धोंडा घरी ठेवायला सांगितला होता. "आता तुला तकलीफ न्हाई, सोनाजी. नुसतं बसून राहायचं." मोकळ्या मांडीकडं बघत सोनाजी म्हणाला, "व्हय मालक." सहा वर्षं जिच्यावर ओझं होतं, ती मांडी त्याला परक्यासारखी वाटत होती.

काल्याच्या दिवशी उजाडता उजाडता दोघं निघाले. वाटेत व्यंकटराव उगाचच तीन वेळा थांबले, एकदा चिमणीसाठीसुद्धा. हिंगोलीत बुवा रामकिशन शेटच्या घरी उतरले होते. दारात मोटार उभी करताना ब्रेकनं जी आरोळी ठोकली, तिनं शेटच्या घरातली सगळी माणसं खिडक्यांशी आली. बुवाही आले.

"थांबली, बुवा!" व्यंकटराव खालूनच ओरडले. "ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं बाबा," बुवा कानावरचे हात काढत म्हणाले.

शेटनी व्यंकटरावांना फराळाला आत नेलं. नको नको म्हणता अर्धा तास गेला. बाहेर आले तर बुवा मांडीवर वीणा घेऊन मोटारीत आधीच बसलेले. चेहऱ्यावर मोठं समाधान. मागं सोनाजी धोतराला हात पुसत उभा. व्यंकटरावांना बरं वाटलं. बुवांची भीती गेली, ह्याहून अजून काय पाहिजे!

मोटार निघाली. कयाधू नदीच्या उतारापाशी समोर शेळ्यांचा कळप आडवा आला. व्यंकटरावांनी ऐटीत पाय दाबला.

काही झालं नाही.

किंचाळी नाही, धक्का नाही. मोटार लोण्यावरून बोट फिरावं तशी पुढं सरकत राहिली. व्यंकटरावांनी पुन्हा दाबलं. मग दोन्ही पायांनी दाबलं. शेळ्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्या दोन बाजूंना झाल्या आणि मोटार मधून निघून गेली. मागून धनगराच्या शिव्या बऱ्याच लांबपर्यंत सोबतीला आल्या.

"थांबायला पाहिजे होतं का?" बुवांनी हळूच विचारलं.

"तसं काय न्हाई, बुवा," व्यंकटराव म्हणाले. तळहाताला घाम सुटून सुकाणू निसटत होतं. "शेळ्या लई भित्र्या. थांबलं की जास्त गोंधळतात."

बुवा डोळे मिटून नामस्मरण करू लागले.

नदी ओलांडल्यावर चढ लागला. चढावर मोटार आपोआप मंदावली, तसे व्यंकटराव मागं वळून म्हणाले, "सोनाजी, धोंडा!" सोनाजीनं उडी मारली, रस्त्याकडेचा दगड उचलला आणि चाकाखाली टाकला. इंजिन चालूच ठेवलं, कारण तापलेलं इंजिन एकदा बंद पडलं की तासभर पुन्हा उठत नसे, आणि तासभर कुणाकडं होता?

व्यंकटराव चाकापाशी उकिडवे बसले. चाकाच्या आतून तेलाचा थेंब पडला. मग दुसरा. त्यांनी दुसरं चाक बघितलं. तिथंही तेच.

"सोनाजी," ते दात आवळून, बुवांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "हे काय हाये?"

"तेल हाये, मालक."

"ते दिसून राहिलं मला! घातलं कोणं?"

सोनाजीनं एकदा बुवांच्या पाठीकडं पाहिलं. मग खाली मान घातली.

"म्याच घातलं. लई करकर करून राहिली होती. बैलगाडीच्या चाकाचा आख कोरडा पडला म्हंजी तेल…"

"हा आख हाये व्हय? कितीक घातलं?"

"बुधलाभर. शेटच्या घरून मागून आणलं."

"समदं?"

"चारी चाकांला. एकाला दिलं अन् दुसऱ्याला न्हाई, असं बरं दिसत न्हाई, मालक."

व्यंकटरावांना रडावं की ओरडावं कळेना. मग मनात एक वाईट विचार आला आणि तोंडातून बाहेर पडला. "बिरेक आला अन् तुहं काम गेलं, त्याचा राग काढलास व्हय माह्यावर? काहून असं केलंस? आज काला न्हाई झाला, तर समद्या गावाचा उपास तुह्या डोक्यावर!"

सोनाजीचा चेहरा एकदम म्हातारा झाला. तो खाली वाकला, रस्त्याची कोरडी माती ओंजळीनं उचलली आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आत घालून चोळू लागला. तेल शोषून घेईल म्हणून चोळत राहिला. दुसऱ्या चाकाकडं वळणार एवढ्यात पुढून बुवांचा आवाज आला, "चला व्यंकटराव, ऊन चढून राहिलं."

"बुवांना सांगू नको काय," व्यंकटराव पुटपुटले.

"न्हाई सांगत," सोनाजी इतक्या तातडीनं म्हणाला की व्यंकटरावांनी त्याच्याकडं चमकून पाहिलं. पण विचार करायला वेळ नव्हता.

आता थांबायचंच नाही, असं व्यंकटरावांनी ठरवलं. मोटार थांबली नाही हे कळायला आधी थांबायची वेळ तर आली पाहिजे! पण औंढ्याच्या अलीकडं, विहिरीजवळच्या मोकळ्या माळावर भिकाबाई नावाची एक भाविक बाई घरच्यांना घेऊन उभी. हातात हार, बुक्का, पाण्याचा तांब्या. दरसाल बुवांना पाणी पाजल्याशिवाय ती पुढं जाऊ देत नसे.

"थांबवता हितं?" बुवांनी चाचरत विचारलं.

व्यंकटराव थांबवणार कशानं? त्यांनी मोटार माळावर घातली आणि भिकाबाईभोवती गोल फिरवायला सुरुवात केली.

"असं काहून?" बुवांनी विचारलं.

"भाविक बाई हाये, बुवा. म्हटलं, प्रदक्षिणा घालावी."

भिकाबाई आधी गडबडली. मग मोठ्या माणसांची काहीतरी नवी रीत असेल असं समजून तिनं पदर खोचला आणि मोटारीबरोबर पळू लागली. पहिल्या फेरीत हार पडला, तो व्यंकटरावांच्या गळ्यात. दुसऱ्या फेरीत बुक्का बुवांच्या कपाळाला लागायचा तो डोळ्यात गेला. तिसऱ्या फेरीत तांब्यातलं अर्धं पाणी बुवांच्या तोंडात आणि अर्धं वीणेवर. सोनाजी मागून दोन्ही हातांनी नमस्कार करत गोल फिरत होता. मोटार पुन्हा रस्त्याला लागली तेव्हा भिकाबाई धापा टाकत घरच्यांना सांगत होती, "असं दर्शन जन्मात झालं न्हाई गं माय!"

औंढ्यात नागनाथाचा कळस दिसला. बुवांनी लांबूनच हात जोडले. थांबा म्हणाले नाहीत. व्यंकटरावांना त्याचं नवल वाटायला हवं होतं, पण त्यांचे डोळे रस्त्यावरच्या प्रत्येक म्हशीवर खिळले होते. बुवांचं नामस्मरण मात्र आता इतकं जोरात चाललं होतं की इंजिन त्यापुढं लाजावं.

शिरड जवळ आलं. सूर्य माथ्याला भिडायला हातभर उरला होता. शिवेपासून मारुतीच्या पारापर्यंत रस्ता उताराचा. शिवेवर आल्यावर व्यंकटरावांनी खाली पाहिलं.

सगळं गाव रस्त्यात उभं होतं. ओट्यावर कुणी नाही, भिंतीला कुणी नाही. बाया कळशा घेऊन, म्हातारे काठ्या टेकून, लेकरं बसकण मारून, सगळे रस्त्याच्या मध्यभागी. सगळ्यांपुढं मसाजी छाती काढून. त्यांच्या बाजूला कौशल्याबाई, हातात पंचारतीचं ताट. नव्या ब्रेकवर गावाची पुरी श्रद्धा बसली होती.

व्यंकटरावांनी भोंगा वाजवला. गावाला आनंद झाला, टाळ जोरात वाजू लागले. त्यांनी हात हलवून बाजूला व्हा म्हटलं. सगळ्यांनी हात हलवून उत्तर दिलं. मोटार उताराला लागली आणि वेग घेऊ लागली. व्यंकटराव उभेच राहिले आणि ओरडले, "बाजूला व्हा! सरका!"

"काय म्हणून राहिलेत?" गर्दीत कुणी विचारलं.

"बुवा आले म्हणून राहिलेत!" मसाजी म्हणाले, आणि आणखी दोन पावलं पुढं आले.

कौशल्याबाईंचा चेहरा दिसू लागला. निरांजनाच्या ज्योती दिसू लागल्या. व्यंकटरावांनी डोळे मिटले, "पांडुरंगा!" म्हणून हाक मारली आणि सगळं अंग त्या ब्रेकवर टाकलं.

तीन चाकं तेलातच होती, ती तशीच फिरत राहिली. पण पुढच्या डाव्या चाकात सोनाजीची माती गेली होती. त्या एकट्या चाकानं घट्ट धरलं. मोटारीनं मान मोडल्यासारखी डावीकडं गिरकी घेतली, मसाजींच्या धोतराला वारा घालत रस्ता सोडला, आणि शेजारच्या खळ्यावर वाळत घातलेल्या हळदीच्या ढिगात छातीपर्यंत घुसून थांबली.

पिवळा धुरळा उठला. काही दिसेना. टाळ थांबले. धुरळा खाली बसला तेव्हा मोटारीत तीन पिवळी माणसं होती. पुढच्या एकाच्या मांडीवर पिवळी वीणा.

"बिरेक लई जोराचा हाये, न्हाई का?" मसाजी आदरानं म्हणाले. आपल्याच हळदीचा ढीग आहे हे त्यांच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

कुणी हललं नाही. बुवा खाली उतरले. व्यंकटराव त्यांच्या तोंडाकडं बघू शकेनात. आता बुवा म्हणणार, न्हाई लावत वीणा. दह्याची भांडी तशीच राहणार. उपाशी लेकरं. वडिलांचा सप्ता.

बुवांनी वीणेवरची हळद फुंकली आणि विचारलं, "मांडव कुठं हाये?"

अंघोळीला वेळ नव्हता. बुवा तसेच पिवळेधमक उभे राहिले आणि वीणा खांद्याला लावली. लोकांनी गजर केला. व्यंकटराव खांबाआड बसले. सोनाजी मांडवाच्या अगदी बाहेर, उन्हात, चपलांपाशी बसला.

बुवांनी काल्याचं निरूपण मांडलं. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची गोड, कुणाची शिळी, सगळं एकत्र झालं तेव्हा काला झाला, असं सांगता सांगता ते मध्येच थांबले. मृदंग वाजवणाराही थांबला.

"आपली शिदोरी लपवून ठेवली तर काला होत न्हाई, बाबांनो," बुवा म्हणाले. "अन् म्या माही लपवली हाये. हिंगोलीत ही मोटार अशी रडली की माहा जीव कळवळला. माहा बाप गाडीवान. मला वाटलं, आख कोरडा पडला. म्या त्या सोनाजीला म्हटलं, तेल घाल. त्यो म्हणला, मालकाला इचारतो. म्या म्हटलं, मला काय चाकातलं कळत न्हाई व्हय? म्या हुकूम केला, म्हणून त्यानं घातलं."

खांबाआड व्यंकटरावांनी मान वर केली.

"चढावर व्यंकटराव त्याला जे बोलायचं ते बोलले. मला समदं ऐकू आलं. त्यानं माहं नाव घेतलं न्हाई. तेव्हा म्या तोंड उघडायला पाहिजे होतं. पर मला भ्या वाटलं. लोक म्हणतील, बुवा इतक्या पोथ्या वाचतो अन् ह्याला एवढं कळत न्हाई. म्हणून म्या डोळे मिटून देवाचं नाव घेत बसलो. बारा कोस देवाचं नाव घेतलं, अन् खरं एक अक्षर बोललो न्हाई."

म्हणजे बघा, मोटारीत तिघं बसले होते, ब्रेक गेला हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघंही एकमेकांपासून काही ना काही लपवत बारा कोस पळत आले होते. आधी कौशल्याबाईंना हसू फुटलं. मग मसाजींना, त्यांना त्याच वेळी हळद आठवली आणि ते हसता हसता रडवेले झाले. मग सगळा मांडव हसला, बुवाही हसले, आणि त्यांच्या गालावरच्या हळदीत पाण्याच्या दोन रेघा उमटल्या.

व्यंकटराव उठले. माणसांतून वाट काढत चपलांपाशी गेले. "ऊन लागून राहिलं तुला," एवढंच म्हणाले, सोनाजीच्या दंडाला धरून त्याला आत आणलं आणि स्वतःच्या जागेवर बसवलं.

सूर्य माथ्यावर यायला थोडं उरलं असताना हंडी फुटली. काल्याचा पहिला घास बुवांनी आपल्या हातानं सोनाजीला भरवला. सोनाजी लाजून म्हणाला, "बुवा, आधी लेकरांला द्या. सकाळधरनं उपाशी हायेत."

गोष्ट एवढीच. आता उठाल, घरी जाल, पानावर बसाल. तुमच्या घरात, शेतात, कचेरीत कुणीतरी असा असेल, जो दुसऱ्याची चूक मुकाट्यानं आपल्या अंगावर घेतो आणि बोलणी खाऊन घेतो. त्याला रागं भरायच्या आधी क्षणभर थांबा. आणि शिरडच्या सोनाजी गाडीवानाची आठवण ठेवा.